सावलीतल्या ग्राउंड कव्हरवरील कीड: दोनदा फवारूनही पाने का खाल्ली जात आहेत?

प्रश्न: अंगणवेल

नमस्कार. एका जुन्या, गर्द पानांच्या झाडाखाली साधारण चार मीटर लांब आणि दोन मीटर रुंद असा एक वाफा मी गेली चार वर्षे सांभाळत आहे. तिथे दिवसभरात जेमतेम तासभर कवडसे पडतात, त्यामुळे हिरवळ कधीच तग धरत नव्हती. म्हणून सावलीत पसरून जमीन झाकणारी झाडे लावली. पुढच्या कडेला मोंडो ग्रास, मध्यभागी ट्रॅडेस्कँशिया आणि पेपेरोमिया, त्यामागे नेचे आणि सिंगोनियम, आणि अगदी भिंतीलगत, छपराच्या वळचणीखाली आयव्ही अशी रचना आहे. पहिली तीन वर्षे काहीही त्रास झाला नाही. आता मात्र सगळे एकदमच बिघडल्यासारखे दिसते.

ट्रॅडेस्कँशियाच्या आणि पेपेरोमियाच्या पानांना वेडीवाकडी भोके पडत आहेत, आणि काही ठिकाणी तर रात्रीत अर्धे पान नाहीसे होते. नेच्यांचे नवे गुंडाळलेले कोंब उलगडण्याआधीच खाल्ले जातात. आयव्हीची पाने धुळकट, करडी-पिवळी पडली आहेत आणि त्यांच्यावर सुईने टोचावे तसे असंख्य फिके ठिपके आहेत. सिंगोनियमच्या पानांच्या बेचक्यांत कापसासारखे पांढरे पुंजके आहेत आणि तिथे मुंग्यांची सतत ये-जा असते. शिवाय नेच्यांच्या जुन्या पानांच्या मागच्या बाजूला तपकिरी ठिपक्यांच्या ओळी दिसल्या. ती खवले कीड असावी असे समजून मी सात-आठ मोठी पाने कापून टाकली.

बागेच्या सामानाच्या विक्रेत्याच्या सल्ल्याने मी महिनाभरात दोन वेळा फवारणी केली. त्या मिश्रणात इमिडाक्लोप्रिड आणि एक पायरेथ्रॉइड होते. पांढरे पुंजके काहीसे कमी झाले, परंतु भोके पडणे तसूभरही थांबले नाही आणि आयव्ही तर पहिल्यापेक्षा खराब झाली. पुंजक्यांजवळ बऱ्यापैकी मोठे, पांढऱ्या लोकरीचे झुपके अंगावर असलेले किडे भरभर चालताना दिसले, तेव्हा तेही स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने टिपून काढले. पालापाचोळ्याखाली हात लावताच गोल वेटोळे करणारे वाणीही पुष्कळ आहेत आणि तेच पाने खात असावेत अशी मला शंका आहे.

आता विक्रेता आणखी तीव्र औषध सुचवत आहे. आमचा कुत्रा या वाफ्याजवळ रोज फिरतो, म्हणून माझा हात धजावत नाही. सगळे उपटून नव्याने लागवड करावी, की यातून काही मार्ग आहे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.


उत्तर: मातीमित्र

नमस्कार. आपण लक्षणे इतकी नीट टिपली आहेत की बरेचसे निदान आपल्या प्रश्नातूनच होते. उपटण्याची घाई करू नये. आपल्या वाफ्यात एक कीड नसून किमान तीन वेगवेगळे जीव आहेत, आणि त्या तिघांना एकच औषध लागू पडणे शक्य नाही. मी फक्त भोकांविषयी लिहितो, कारण सावलीतल्या बागेत सर्वाधिक नुकसान त्यानेच होते आणि त्याबद्दलच सर्वाधिक गैरसमज आहेत.

रात्रीतून पडणारी वेडीवाकडी भोके, कोवळ्या कोंबांवरचा पहिला हल्ला आणि ओलसर सावली हे वर्णन गोगलगायींकडे बोट दाखवते, विशेषतः शंख नसलेल्या गोगलगायींकडे. त्या दिवसा दिसत नाहीत म्हणून संशय दुसऱ्यांवर जातो. गोगलगाय कीटक नाही, ती मृदुकाय प्राणी आहे. कीटकांच्या मज्जासंस्थेवर काम करणारी आपली दोन्ही औषधे तिच्यावर जवळजवळ निष्प्रभ ठरतात. फवारणीनंतर भोके का थांबली नाहीत, याचे उत्तर इतके सरळ आहे. तीव्र औषधाने यात काहीही फरक पडणार नाही.

तरीही माझ्या शब्दावर विसंबू नये, स्वतः पाहावे. अंधार पडल्यानंतर दोन तासांनी विजेरी घेऊन वाफ्याजवळ बसावे आणि उजेड पानांच्या वरून न टाकता जमिनीलगत आडवा टाकावा. तसे केले की पानांच्या कडांवर आणि मातीवर चिकट रेघा चमकतात, आणि त्या रेघेच्या टोकाला ती सापडते. पाने खालून उचलून पाहावीत, कारण अनेकदा ती पानाच्या पाठीला चिकटून भोकाच्या कडेवरच खात असते. रेघा नसतील आणि त्याऐवजी पानांवर बारीक, काळसर, कोरड्या लेंड्या दिसल्या तर ती अळी समजावी. अळीसाठी बॅसिलस थुरिंजिएन्सिस कुर्स्टाकी हे जिवाणूजन्य औषध पुरते. पानांच्या फक्त कडाच अर्धवर्तुळाकार कातरल्यासारख्या असतील तर थंड प्रदेशांत आढळणारा, रात्रीच बाहेर पडणारा एक सोंड्या भुंगेरा तपासावा, कारण त्याच्या अळ्या मातीत मुळे खातात आणि वरून काहीच कळत नाही. आपल्या वर्णनात मात्र मला गोगलगायच दिसते.

ती सापडली की उपाय तीन टप्प्यांत करावा आणि क्रम बदलू नये. पहिला टप्पा वेचणीचा. ओले गोणपाट किंवा जाड पुठ्ठा संध्याकाळी झाडांच्या मधल्या मोकळ्या जागेत अंथरून ठेवावा. पहाटे परतताना गोगलगायी त्याखाली आसरा घेतात. सकाळी ते उलटे करून त्या वेचाव्यात आणि साबणाच्या दाट पाण्याच्या बादलीत टाकाव्यात. हातमोजे घालणे अत्यावश्यक आहे, कारण काही गोगलगायी उंदरांच्या फुप्फुसात राहणाऱ्या एका सूत्रकृमीच्या वाहक असतात आणि तो माणसाच्या पोटात गेल्यास मेंदूच्या आवरणाला सूज येऊ शकते. कुत्र्याच्या पाण्याचे भांडेही वाफ्याजवळ ठेवू नये. काही जण मीठ टाकायला सांगतील. ते कृपया ऐकू नये. मिठाने गोगलगाय मरते, पण मीठ मातीत उरते आणि ग्राउंड कव्हरची मुळे उथळ असल्यामुळे पहिला फटका त्यांनाच बसतो.

दुसरा टप्पा पाण्याच्या वेळेचा. आपण संध्याकाळी पाणी घालत असाल तर ते आजपासून सकाळी घालावे. संध्याकाळी ओली झालेली सावलीतली जमीन रात्रभर ओलीच राहते, आणि ज्यांना अंगातील ओल टिकवण्यासाठी सतत धडपडावे लागते अशा प्राण्यांना आपण स्वतःच वाट करून देतो. हा एक बदल बहुतेकांना किरकोळ वाटतो. माझ्या अनुभवात त्याइतका परिणामकारक बदल दुसरा नाही.

आमिष सर्वांत शेवटी. दाणेदार आमिषे मुख्यतः दोन प्रकारची मिळतात. मेटाल्डिहाइडचे आमिष कुत्र्यांना गोड वासामुळे आकर्षित करते आणि त्यांच्यासाठी ते जीवघेणे ठरू शकते, म्हणून आपल्या घरी त्याचा विचारही करू नये. आयर्न फॉस्फेटचे आमिष तुलनेने बरेच सुरक्षित आहे. ते खाल्ल्यावर गोगलगाय लवकरच खाणे सोडते आणि तीन ते सहा दिवसांत लपलेल्या जागीच मरते. मेलेल्या गोगलगायी समोर दिसत नाहीत म्हणून लोक ते निकामी समजतात, आणि मग दाण्यांचे ढीग घालतात. तसे करू नये. दाणे विरळ विखरावेत आणि कुत्र्याला तेही चाटू देऊ नये. अंड्याची टरफले, राख, तांब्याच्या पट्ट्या यांच्यावर मी फार भिस्त ठेवत नाही. ओल्या वाफ्यात राख एका पाण्यातच निकामी होते आणि टरफलांवरून गोगलगायी निवांत सरकत गेलेल्या मी पाहिल्या आहेत.


उत्तर: पानोपानी

आयव्हीबद्दल मी लिहिते. करडा रंग आणि टोचल्यासारखे फिके ठिपके हे लाल कोळ्याचे लक्षण आहे. खात्री करणे अगदी सोपे आहे: फांदीखाली पांढरा कागद धरून फांदीवर दोन-तीन टिचक्या माराव्यात आणि कागदाकडे अर्धा मिनिट टक लावून पाहावे. धूळ जागेवर राहते. कोळी चालू लागतात. त्यांची लांबी अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी असते, म्हणून भिंग असल्यास उत्तम. नंतर कागदावरून बोट फिरवल्यास लालसर किंवा हिरवट रेघ उमटते.

सावलीच्या ओलसर वाफ्यात कोरड्या हवेची ही कीड कशी, असा प्रश्न आपल्याला पडेल. उत्तर आपल्याच वाक्यात आहे. आयव्ही वळचणीखाली आहे, म्हणजे तिच्यावर पाऊस पडत नाही, पाने कधी धुतली जात नाहीत आणि भिंतीची ऊब तिला रात्रीही मिळते. तीन पावलांवर चिखल असला तरी तो कोपरा कोरडाच असतो. एकाच वाफ्यात असे दोन वेगळे हवामान असणे नेहमीचे आहे, आणि म्हणून संपूर्ण वाफ्याला सरसकट एक उपचार देणे मला कधीच पटलेले नाही.

आता फवारणीनंतर ती का बिघडली, ते सांगते. कोळी हा कीटक नसून अष्टपाद आहे आणि इमिडाक्लोप्रिडने तो मरत नाही. उलट त्या औषधाच्या वापरानंतर कोळ्यांची संख्या वाढल्याचे अनेक झाडांवर दिसून आले आहे. पायरेथ्रॉइडने त्याला खाणारे परभक्षी कोळी आणि छोटे भुंगेरे मात्र मरतात. शत्रू राहिला नाही आणि ऊब तर होतीच, त्यामुळे आठवडा-दीड आठवड्यात एक पिढी या वेगाने त्यांची वाढ झाली.

उपाय पाण्याचाच आहे. पिचकारीने किंवा नळीच्या जोरदार फवाऱ्याने पानांच्या मागच्या बाजूने पाणी मारावे आणि दर तीन-चार दिवसांनी हे तीन आठवडे करावे, कारण अंडी चिकटून राहतात आणि त्यांतून निघणारी पिल्ले पुढच्या वेळी धुऊन काढावी लागतात. मध्येच थांबल्यास सगळे श्रम वाया जातात. फारच करपलेल्या वेली जमिनीपासून वीतभर ठेवून छाटाव्यात. आयव्ही पुन्हा फुटते. हे पाणी सकाळी मारावे, म्हणजे मातीमित्रांनी सांगितलेल्या गोष्टीला बाधा येणार नाही. गंधकाची फवारणी कोळ्यावर चालते, पण तापमान 32 अंशांच्या वर असताना करू नये आणि कोणत्याही तेलाच्या फवारणीच्या आगेमागे दोन आठवडे तर मुळीच करू नये, पाने भाजतात.

नेच्यांच्या पानांमागचे ते तपकिरी ठिपके एकसारख्या अंतरावर, मध्यशिरेच्या दोन्ही बाजूंना शिस्तीत ओळीने होते का? तसे असल्यास ती कीड नव्हती, ते नेच्याचे बीजाणू होते. नेच्याला फुले आणि बिया येत नाहीत. तो पानांच्या पाठीवर असेच बीजाणूंचे पुंजके धरतो. खवले कीड अस्ताव्यस्त असते, देठावर आणि शिरांवर गर्दी करते, आणि नखाने खवला उचकटल्यास त्याखाली ओलसर शरीर किंवा अंडी दिसतात. आपण सात-आठ निरोगी पाने कापलीत, याचे वाईट वाटते. परंतु नेचा ती झीज भरून काढतो.


उत्तर: गवतफूल

सिंगोनियमच्या बेचक्यांतील कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण, यात शंका नाही. परंतु आपल्या प्रश्नातील एका वाक्यावर मी थबकलो आणि त्याबद्दलच मला मुख्यतः लिहायचे आहे. मोठे, लोकरीचे झुपके असलेले, भरभर चालणारे किडे आपण टिपून काढलेत. ताई, ते बहुधा आपले मित्रकीटक होते.

क्रिप्टोलिमस मॉन्ट्रोझिएरी नावाचा एक छोटा भुंगेरा आहे. तो मूळचा ऑस्ट्रेलियाचा. 1891 मध्ये त्याला पिठ्या ढेकणांच्या बंदोबस्तासाठी कॅलिफोर्नियात नेण्यात आले आणि त्यानंतर तो जगातील अनेक उष्ण प्रदेशांत पोहोचला. प्रौढ भुंगेरा चार मिलिमीटरचा, काळपट, डोक्याकडे आणि मागच्या टोकाला नारिंगी असतो. त्याची अळी मात्र हुबेहूब पिठ्या ढेकणासारखी दिसते, कारण तीही अंगावर पांढऱ्या मेणाचे लांब झुपके वागवते. फरक ओळखण्यासाठी तीन गोष्टी पाहाव्यात. ढेकणाची मादी तीन-चार मिलिमीटरची असते, तर ही अळी वाढून 13 मिलिमीटरपर्यंत जाते. ढेकूण जागचा क्वचितच हलतो, अळी डिवचल्याबरोबर धावते. ढेकणाच्या कडेचे मेणतंतू आखूड आणि एकसारखे असतात, अळीचे झुपके लांब आणि विस्कटलेले असतात. काडीने तिला हलकेच उलटी केले की सहा ठसठशीत पाय दिसतात, आणि मग पुन्हा गल्लत होत नाही.

मी हे पुस्तकातून सांगत नाही. बागकामाच्या पहिल्या वर्षी मी अशा कितीतरी अळ्या मोठ्या चिकाटीने मारल्या आणि मग दोन वर्षे ढेकणांशी झगडत राहिलो. ज्या वर्षी मला हे कळले त्या वर्षी मी एक वेल मुद्दाम तशीच सोडली, आणि पाच-सहा आठवड्यांत तिच्यावरचे पुंजके रिकाम्या, वाळक्या कापसासारखे हाताला लागले. ती वेल मी रोज सकाळी पाहत असे. एक अळी एका ढेकणाच्या अंडपिशवीत डोके खुपसून कितीतरी वेळ हलली नव्हती, हे दृश्य माझ्या अजून डोळ्यांसमोर आहे.

म्हणून इमिडाक्लोप्रिडची फवारणी थांबवावी. त्याऐवजी मुंग्यांकडे लक्ष द्यावे. ढेकूण जो गोड चिकटा टाकतात तो मुंग्या पितात, आणि त्या बदल्यात त्यांच्या शत्रूंना हाकलून लावतात; मुंग्या असेपर्यंत कोणताही मित्रकीटक तिथे सुखाने राहत नाही. साखरेच्या पाण्यात अगदी थोडे बोरिक ॲसिड मिसळून केलेले आमिष झाकणाला बारीक भोके असलेल्या डबीत घालून, कुत्र्याचे तोंड पोहोचणार नाही अशा जागी मुंग्यांच्या वाटेवर ठेवावे. बोरिक ॲसिड जास्त घातल्यास मुंग्या वाटेतच मरतात आणि वारुळापर्यंत काही जात नाही, म्हणून प्रमाण शंभर भागांत एक भागाच्या आसपासच ठेवावे. चिकट्यावर काजळीसारखी काळी बुरशी धरली असल्यास ओल्या फडक्याने पुसावी; ती पानाच्या आत शिरत नाही, फक्त उजेड अडवते. सावलीतल्या झाडाला मुळातच उजेड कमी, तेव्हा हे पुसणे वाया जात नाही.

उरलेले पुंजके आपण करत आहात तसेच, 70 टक्के स्पिरिटच्या कापसाने टिपावेत, परंतु एकेक नीट पाहून. निंबोळी तेल वापरायचे असल्यास एका लिटर पाण्यात पाच मिलिलिटर तेल आणि ते मिसळण्यापुरता सौम्य साबण घ्यावा. त्यापूर्वी दोन पानांवर फवारून दोन दिवस थांबावे. नेच्यांवर तेल किंवा साबण उडू देऊ नये. त्यांची पाने नाजूक असतात आणि कडेपासून तपकिरी पडतात.


अंगणवेल

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री मी सांगितल्याप्रमाणे विजेरी घेऊन बसले. अर्ध्या तासात 43 गोगलगायी मिळाल्या, त्यांतल्या बहुतेक शंख नसलेल्या आणि करंगळीच्या अर्ध्या लांबीच्या होत्या. नेच्याच्या एका कोंबावर तर तीन होत्या आणि कोंबाचे टोक त्यांच्या अंगाखाली दिसेनासे झाले होते. वाणी मात्र एकही पानावर नव्हता. कागदाच्या परीक्षेत आयव्हीखाली ठिपके चालताना दिसले आणि बोट फिरवल्यावर लालसर रेघही उमटली. नेच्यांचे ठिपके अगदी शिस्तीत ओळीने आहेत, म्हणजे मी बीजाणूच कापले. मित्रकीटकांबद्दल वाचून जीव हळहळला. मी निदान पंधरा तरी मारले असतील. आज सकाळी एक उरलेली अळी दिसली आणि तिला हात लावला नाही.

मी पाणी संध्याकाळीच घालत होते, ते आजपासून सकाळी केले आहे. आता एकच प्रश्न उरतो. वाफ्यात पालापाचोळ्याचा जवळजवळ तळहाताच्या रुंदीएवढा जाड थर आहे, कारण वरचे झाड वर्षभर पाने गाळते. गोगलगायी त्यातच लपतात, तर तो सगळा काढून टाकावा का?


उत्तर: शेवाळ

होय, सगळा काढावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ओल, अंधार आणि कुजणारी पाने एकत्र आल्यावर गोगलगायींना आणखी काय हवे? माझ्या वाफ्यात मी आच्छादन ठेवतच नाही. माती उघडी असली की वरचा थर वाळतो, पक्षी उकरून अंडी खातात, आणि काय चालले आहे ते डोळ्यांना दिसते. गोगलगायींची अंडी अर्धपारदर्शक मण्यांसारखी, पुंजक्याने मातीच्या भेगांत असतात. पाचोळ्याखाली ती कधी सापडणार?


उत्तर: मातीमित्र

शेवाळ यांच्या मताशी मी अंशतः सहमत आहे, परंतु सगळा पाचोळा काढण्याचा सल्ला मी देणार नाही. त्याच थरात गोम राहते, जमिनीवर धावणारे काळे भुंगेरे राहतात, भेक आणि सापसुरळी येतात. हे सर्व लहान गोगलगायी, अंडी आणि अळ्या खातात. मोठ्या झाडाखालची माती उघडी केली तर त्याची मुळे वरच्या थरातले पाणी ओढून घेतात आणि ग्राउंड कव्हर तहानलेले राहते, आणि तहानलेल्या झाडावर कोळी आधी येतो. वाणी तर प्रामुख्याने कुजलेलीच पाने खातात आणि त्यांची माती करतात. अंगणवेल ताईंनी रात्री स्वतः पाहिलेच आहे.

मधला मार्ग असा. थर तळहाताएवढा नको, दोन बोटांएवढा पुरे. ओला, चिकटून बसलेला, काळा पडलेला थर दाताळ्याने अलगद ओढून काढावा आणि कोरडी, चुरगळणारी पाने राहू द्यावीत. प्रत्येक झाडाच्या बुडाभोवती चार बोटे जागा मोकळी असावी. काढलेला ओला थर एका जुन्या चादरीवर पसरून त्यातल्या गोगलगायी आणि अंडी वेचावीत, मगच तो खताच्या ढिगावर टाकावा. नाहीतर आपण त्यांना फक्त एका जागेवरून दुसऱ्या जागेवर नेतो.

पाचोळ्यापेक्षा मला चार वर्षांच्या ट्रॅडेस्कँशियाची अधिक काळजी वाटते. त्याची जाडी एकदा हात घालून पाहावी. वरून हिरवे दिसणारे ते अंथरूण खालून बहुधा पिवळ्या, पाने गळालेल्या, एकमेकांत गुंतलेल्या देठांचे झाले असेल, आणि तिथे बोट घातल्यावर दुपारीही गार, ओले लागेल. वारा त्यातून जातच नाही. ग्राउंड कव्हर जमीन झाकण्यासाठी लावतो हे खरे, पण एकावर एक थर चढून त्याची गादी झाली की वरचा अर्धा भाग झाड असतो आणि खालचा अर्धा किडीचे घर असते. एक तृतीयांश भाग मुळापर्यंत कापून विरळ करावा, उरलेला पुढच्या दोन महिन्यांत टप्प्याटप्प्याने. एकदम सगळे कापल्यास आसऱ्याला असलेले परभक्षीही निघून जातात.


उत्तर: पानोपानी

विरळणीला माझा पूर्ण पाठिंबा आहे. त्यात एक भर घालते. सावली आणि ओल फक्त किडीच्याच उपयोगाची असते असे नाही. बिव्हेरिया बॅसियाना आणि लेकॅनिसिलियम लेकॅनी या कीटकांना मारणाऱ्या बुरशी उन्हात टिकत नाहीत, कारण अतिनील किरणांनी त्यांचे बीजाणू मरतात, आणि रुजण्यासाठी त्यांना हवेत भरपूर दमटपणा लागतो. ज्यांची बाग उन्हात आहे त्यांना त्यांच्यासाठी ढगाळ संध्याकाळची वाट पाहावी लागते. आपल्या वाफ्यात ती परिस्थिती रोजच आहे. सिंगोनियमवरील ढेकूण स्पिरिटने आवरले नाहीत तर वेष्टनावर दिलेल्या प्रमाणात लेकॅनिसिलियम फवारावे. त्याच्या आगेमागे बुरशीनाशक वापरू नये, नाहीतर औषध औषधालाच मारते. परिणाम दिसायला आठवडाभर लागतो आणि त्या काळात अधीर होऊन रासायनिक फवारणी करण्याचा मोह टाळावा. क्रिप्टोलिमसच्या अळ्या जिथे कामाला लागल्या असतील त्या वेलीवर मात्र मी काहीच फवारणार नाही, बुरशीही नाही.


अंगणवेल

पाच आठवड्यांनंतर लिहीत आहे, कारण सांगण्यासारखे काहीतरी हातात हवे होते.

गोणपाटाखाली पहिल्या आठवड्यात रोज वीस-पंचवीस गोगलगायी मिळत होत्या, आता दोन-तीन मिळतात. आयर्न फॉस्फेटचे दाणे मी एकदाच, विरळ टाकले आणि ते विरेपर्यंत त्या बाजूला जाळीचे कुंपण उभे करून कुत्र्याला लांब ठेवले. ट्रॅडेस्कँशियाची गादी उचलली तेव्हा मातीमित्रांनी लिहिले होते तसेच आत दिसले: वर हिरवे, खाली वीतभर पिवळे, आणि मातीला लागून अंड्यांचे चार पुंजके. नेच्यांना सहा नवे कोंब आले असून सहाही पूर्ण उलगडले आहेत. आयव्ही मी छाटली. नवी पाने स्वच्छ आहेत, मात्र भिंतीच्या अगदी कोपऱ्यातल्या दोन वेलींवर ठिपके पुन्हा दिसू लागले आहेत. सिंगोनियमवर मुंग्या जवळपास थांबल्या आणि त्या एका अळीच्या जागी आता मला सात-आठ दिसतात. मी रोज सकाळी त्या मोजते.

विरळणीमुळे मध्यभागी मोकळ्या जागा पडल्या आहेत. तिथे बाहेरून नवी रोपे आणून लावावीत का?


उत्तर: गवतफूल

सात-आठ अळ्या हे वाचून फार आनंद झाला. मोकळ्या जागांसाठी शक्यतो आपल्याच ट्रॅडेस्कँशियाचे निरोगी शेंडे खोचावेत. दोन पेरे मातीत गेली की ती सहज मुळे धरतात. शेंडे लावण्यापूर्वी पाण्यात बुडवून नीट धुऊन घ्यावेत. बाहेरची रोपे आणायचीच असल्यास ती थेट वाफ्यात लावू नयेत, तीन आठवडे वेगळी ठेवावीत. कुंडीतून मातीचा गोळा सोडवून मुळांमध्ये पांढरा, पिठासारखा थर आहे का ते पाहावे, कारण पिठ्या ढेकणाचा एक प्रकार केवळ मुळांवरच राहतो आणि वरची पाने कितीही न्याहाळली तरी तो दिसत नाही. कुंडीच्या तळाची भोकेही तपासावीत. लहान गोगलगायी तिथेच दडलेल्या असतात.

कोपऱ्यातल्या त्या दोन वेलींना मात्र आणखी तीन आठवडे पाणी मारत राहावे. छपरामुळे तिथे पाऊस कधीच पोहोचणार नाही, त्यामुळे पुढेही कोरड्या, उबदार दिवसांत आठवड्यातून एकदा ती पाने धुण्याचे काम आपल्यालाच करावे लागेल.